शेंदूर लावलेला खांब

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार होता आणि सत्यशीलाला आलापल्लीला जायचं होतं. काम काही नवं नव्हतं. चंद्रपूरच्या एका लहानशा तपासणी केंद्रात ती नोकरीला होती. कुठे आग लागली की मागे उरलेलं लोखंड अजून भार पेलेल की ठिसूळ झालंय, ते जाऊन पाहायचं आणि सांगायचं, एवढंच. पहाटे उठून तिनं घट मांडला, कलशाला हळदीकुंकू वाहिलं आणि हातोडी, ग्राइंडर पिशवीत भरू लागली.

"उपाशीपोटी एवढ्या दूर जातेस, आई?" लेक करिश्मा दारात उभी राहून म्हणाली.

"लक्ष्मी आहे ना सोबत. संध्याकाळच्या आरतीला मी येतेच. खीर तेवढी करून ठेव."

पहिल्या गाडीनं ती निघाली. आष्टीच्या पुलावर वैनगंगा धुक्यात झाकलेली होती, तरी तिनं बसल्या जागेवरून हात जोडले. पुढे सागाचं जंगल लागलं आणि गाडीतली माणसं आपोआप हळू बोलू लागली.

गोदाम गावाबाहेर, जंगलाच्या अगदी कडेला होतं. तिथे तेंदूपत्त्याच्या बोऱ्या पार छपरापर्यंत रचलेल्या असायच्या. वैशाखात वणव्याची ठिणगी आत शिरली आणि वाळलेला पत्ता तो, दुपारभर जळत राहिला. नंतर मालकानं वर नवे पत्रे घातले, भिंतींना चुना दिला. चुन्याखालून वास मात्र यायचाच. विडी विझल्यावर बोटांना राहतो ना, तसा कडवट, जुना. आणि छप्पर तोलून धरणारे खांब तेच होते, आगीतून निघालेले. कधीकाळी भंगारात घेतलेले रेल्वेचे रूळ उभे करून जमिनीत रोवले होते.

मालक गुलाम रसूल दारातच वाट पाहत होते. वयस्क, सौम्य गृहस्थ. "या बाई. खांबायचा डॉक्टर येनार म्हनून सकाळपासून इथीच उभा हाओ." मग त्यांची नजर तिच्या पिशवीकडे गेली. "पन डॉक्टर हातोडी घेऊन आला तं पेशंट आधीच मरते ना हो."

"मरणारा असेल तर आत्ताच मेलेला बरा, भाऊ. खाली माणसं बसल्यावर नको."

त्यांचं हसू विरलं. "तेच तं म्हनतो मी. अन्नपूर्णाबाईच्या गटाच्या बाया बसनार हाय इथी. मोहफूल, हिरडा, सारं इथीच निवडतीन. त्यायले दुसरी जागा नाई. पन तुमी हो म्हनल्याबिगर एकीलेबी आत बसू देनार नाई मी."

सत्यशीला कामाला लागली. खांबावरची काजळी खरवडायची, रुपयाएवढी जागा ग्राइंडरनं घासून चकचकीत करायची, त्यावर पेनासारखं एक यंत्र टेकवायचं. आतली बारीक गोळी लोखंडावर आपटून उसळते. ती किती उसळली त्यावरून लोखंड किती कठीण झालंय ते कळतं; फार कठीण म्हणजे ठिसूळ. मग हातोडीचा एक हलका ठोका, आणि कान देऊन ऐकायचं. चांगलं लोखंड घंटेसारखं बोलतं. तापलेलं लोखंड आपलं आपण निवलं तर ते शहाण्यासारखं वागतं. भार फार झाला की वाकतं, माणसाला पळायला वेळ देतं. पण लाल असताना त्याच्यावर एकदम पाणी पडलं, आणि त्यातून ते रुळाच्या कडक जातीचं असलं, तर त्याची काच होते. ते वाकत नाही. न सांगता तुटतं.

एकेक खांब बोलत गेला. प्रत्येकाचा आवाज लांब, गोड, छपराशी जाऊन विरणारा. सत्यशीलाला बरं वाटलं. बायांना जागा मिळणार म्हणून मनातल्या मनात तिनं देवीचे आभारही मानले.

शेवटचा खांब मागच्या कोपऱ्यात होता. बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं, पण त्या कोपऱ्यापर्यंत काही ते पोचत नव्हतं. ती जवळ गेली आणि तिचा हात तिथल्या तिथे थांबला. खांबाला छातीच्या उंचीपर्यंत शेंदूर फासलेला होता. पायाशी हिरव्या बांगड्या, झेंडूची माळ, एक पणती. पणतीत तेल घालत एक बाई बसली होती.

"चंद्रपूरहून सायेब येनार म्हने," बाई वर न पाहता म्हणाली. "आली तं आपल्यासारखीच कुकवाची बाई. मी अन्नपूर्णा. गुरुवार धरला हाय ना तुमी? तोंड सुकलं हाय, त्याच्यावरून वळखलं."

"हो. तुम्हीही धरलाय?"

"आमच्या गटात साऱ्यायनंच धरला."

सत्यशीला खांबाकडे पाहत राहिली. "हे कोणतं दैवत, बाई?"

अन्नपूर्णानं तेलाची बाटली खाली ठेवली. "रुखमाबाई. माह्यासंगं पत्ता निवडाची. आग लागली तवा ते आत सावलीले झोपली होती, अन् आमाले बाहेर मालूमच नाई. आतून नुसता टण् टण् आवाज ये. सारे म्हने, लोखंड तडकून राह्यलं. मी बी म्हनलं." तिनं पणतीची वात बोटानं पुढे सारली. "लोखंड नोहोतं ते. दगड घेऊन खांब वाजवून राह्यली होती ते. समजलं तवा लोकायनं हा कोपरा फोडला, बोअरचं पानी मारलं. खांब लालभडक झाला होता. त्याच्यावर पानी पडलं तं बाई... असा किंचाळला तो."

सत्यशीलाचं कामाचं डोकं मात्र थांबलं नव्हतं. लाल असताना पाणी. फक्त याच खांबावर. तिनं ग्राइंडर उचलला. "थोडीशीच जागा घासावी लागेल, बाई. एवढीशी."

"नोका घासू." अन्नपूर्णानं खांबापुढे हात आडवा धरला. आवाजात राग नव्हता, विनवणी होती. "आमी तिचं आयकलं नाई, म्हनून मांगून तिले देवी केली. आता तिच्या आंगावर मशीन नोका लावू. तेल संपलं, मी घेऊन येतो. मंग सोबतच नमस्कार करू."

ती गेली. कोपऱ्यात सत्यशीला एकटी उरली. ग्राइंडर हातात होता, बाई बाहेर होती; रुपयाएवढा शेंदूर पुसायचा आणि नंतर पुन्हा लावायचा, कोणाला कळलंही नसतं. पण देवीच्या अंगाला हात लावायचा, तोही गुरुवारी... जरा धीर यावा म्हणून तिनं शेजारच्या खांबावर पुन्हा एक ठोका दिला. तो घंटेसारखा बोलला.

त्याचा आवाज विरायच्या आत शेंदराच्या खांबातून उत्तर आलं.

टण्...

तिला वाटलं, हा प्रतिध्वनी असेल. ती श्वास धरून उभी राहिली.

टण्... टण्...

आवाज खालून येत होता. बसलेल्या माणसाचा हात जिथवर पोचेल, तेवढ्याच उंचीवरून. पणतीची ज्योत हलत नव्हती. बांगड्या हलत नव्हत्या. मग तो वास आला. जुना, चुन्याखालचा नव्हे. आत्ता, या क्षणी पान जळतंय असा, डोळ्यांत पाणी आणणारा. मार्गशीर्षातल्या गारठ्यात तिच्या चेहऱ्याला झळ लागली.

सत्यशीलानं ग्राइंडर खाली ठेवला आणि हात जोडले. "आई, चुकलं तर पोटात घाल. मी तुला हात लावत नाही... मी जाते."

ती असं म्हणाली आणि ठोके भराभर पडू लागले. कोणी जीव खाऊन दार ठोठावावं तसे.

तिनं पिशवी भरली. बाहेर उन्हात गुलाम रसूल तिच्या तोंडाकडे पाहत उभे होते.

"कसे हाय, बाई?"

"सगळे ठीक आहेत, भाऊ."

"कोपऱ्यातला बी?"

उन्हात उभं राहिल्यावर भीती अर्धी झाली होती. खरं सांगायला एवढा धीर पुरेसा होता. पण काय सांगायचं? तपासणीला आले आणि पळाले, असं? "हो," ती म्हणाली. "तोही."

म्हाताऱ्यानं दोन्ही हात वर उचलून देवाचे आभार मानले. सत्यशीलानं नजर दुसरीकडे वळवली.

परतीच्या गाडीत ती मनाची समजूत घालत राहिली. देवीचा मान राखला. एका बाईची श्रद्धा राखली. यात वाईट काय? पण मन कुठे ऐकायला बसलं होतं! मान राखला म्हणतेस, तर पळालीस का? श्रद्धेनं माणूस थांबतं, घाबरून पळतं ते निराळं. व्रताच्या दिवशी, पाण्याशिवाय काही न घेतलेल्या तोंडानं ती एका भल्या माणसाशी खोटं बोलली होती, आणि त्या खोट्याखाली बाया बसणार होत्या. गोंडपिपरीला शेजारच्या बाईनं प्रसादाचं केळं पुढे केलं, ते घ्यायलासुद्धा तिला लाज वाटली.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. करिश्मानं खीर केली होती, शेजारच्या सुवासिनी येऊन बसल्या होत्या. सत्यशीला हातपाय धुऊन घटापुढे बसली, निरांजन लावलं आणि घंटी हातात घेतली.

घंटी वाजलीच नाही. म्हणजे आवाज आला, पण मातीच्या मडक्यावर काठी मारावी तसा, बद्द, मेलेला. तिनं पुन्हा हलवली. तसाच.

"फुटली का गं, आई?" करिश्मानं घंटी हातातून घेतली आणि हलवली. खणखणीत नाद घरभर घुमला. "ही तर बरी आहे." तिनं ती परत आईच्या हातात दिली.

बद्द... बद्द...

सुवासिनी एकमेकींकडे पाहू लागल्या. सत्यशीलाची मान वर होईना. तडकलेलं लोखंड असंच बोलतं, हे त्या खोलीत फक्त तिला ठाऊक होतं. घंटीत काही तडकलेलं नव्हतं. तिनं घंटी पाटावर ठेवली, आत जाऊन दार लावलं आणि फोन केला.

"भाऊ, मी खोटं बोलले. कोपऱ्यातला खांब मी तपासलाच नाही. मी भ्याले. तो तुटू शकतो. कोणालाही आत जाऊ देऊ नका."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"भाऊ?"

"बाई..." गुलाम रसूल म्हणाले. "तुमी हो म्हनल्या ना. आज गुरुवार, म्हनून बायायनं पूजा तिथीच मांडली. त्या खांबापुढं. साऱ्या आत हाय."

मग मोटारसायकलला किक मारल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

सत्यशीला परत घटापुढे येऊन बसली. तिनं डोळे मिटले, पण देवीचं तोंड समोर येईना. येत होता तो आडवा धरलेला हात, आणि "मंग सोबतच नमस्कार करू" म्हणणारा तो साधा आवाज. सुवासिनी हळदीकुंकू घेऊन निघून गेल्या. खिरीवर साय धरली. तिनं नवस केला नाही. आज काही मागायचं तोंड तिला नव्हतं. एवढंच म्हणाली, "माझं पाप माझ्या पदरात. त्यांच्या डोक्यावर नको."

फोन वाजला.

"साऱ्या बाहेर हाय," गुलाम रसूल म्हणाले. "मी पोचाच्या आधीच निघाल्या होत्या. कुलूप लावलं मी. तुमी... तुमी उद्या या, बाई." त्यांना आणखी काही विचारायचं होतं असं वाटलं, पण त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती गोदामात पोचली तेव्हा बाया बाहेर ऊन खात बसल्या होत्या. ती कोणाशी बोलली नाही. आधी सागाच्या जाड बल्ल्या मागवून कोपऱ्यातलं छप्पर खालून टेकवून घेतलं. मग खांबापुढे बसली, नमस्कार केला आणि आपल्याच पदरानं शेंदूर पुसला. अन्नपूर्णा मागे उभी होती. या वेळी तिनं हात आडवा धरला नाही.

ग्राइंडर फिरला, जागा चकाकली. यंत्रानं जो आकडा दाखवला तो बाकीच्या खांबांच्या कुठल्या कुठे वर होता. सत्यशीलानं सगळ्यांना लांब उभं केलं आणि हातोडीचा ठोका दिला, कालच्यासारखाच, हलका. एक तीक्ष्ण आवाज झाला, थंड पाण्यात गरम काच फुटावी तसा, आणि उभा रूळ गुडघ्याच्या उंचीवर आडवा तुटला. कुठे वाकला नाही, कुठे ताणला नाही. तुटलेल्या तोंडावर साखरेसारखे दाणे चमकत होते. बल्ल्या करकरल्या, पण छप्पर राहिलं.

सत्यशीला वळली आणि बायांसमोर उभी राहिली.

"काल हे मला कळलं असतं," ती म्हणाली. "रुपयाएवढा शेंदूर पुसला असता तर. मी देवीचं नाव पुढे केलं, पण खरं म्हणजे मी घाबरले आणि पळाले. वर तुम्हाला ठीक आहे म्हणून सांगितलं. मला क्षमा करा, असं म्हणायचीही माझी लायकी नाही."

"असं काऊन म्हनता, बाई?" अन्नपूर्णा पुढे आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आरती झाली होती. नारळ फोडाचा होता, तो बी ह्याच खांबावर. हात वर केला होता मी. तेवढ्यात तुमी परत आल्या, म्हनून तं वाचलो आमी."

"मी?"

"मंग कोन? दारात उभ्या होत्या तुमी. हातोडीनं चौकट वाजवून राह्यल्या होत्या. पदर पार तोंडावर वढला होता. 'अन्ने, बाहेर ये,' म्हनलं तुमी. 'साऱ्यायले घेऊन ये.' मले तं रागच आला थोडा. म्हनलं, दुपारची वळख, अन् लगेच अन्ने? मले अन्ने म्हननारी एकच होती..." ती बोलता बोलता थांबली.

"तेव्हा मी चंद्रपूरला होते, बाई," सत्यशीला हळू म्हणाली. "घटापुढे."

जंगलाकडून वारा आला आणि नवे पत्रे एकदा कुरकुरले. गुलाम रसूल खाली पाहत होते.

"मले दिसल्या त्या," ते म्हणाले. "गाडीच्या उजेडात. गोदामातून निघून रस्त्यानं जात होत्या. तुमचीच चाल, तुमचंच लुगडं, खांद्यावर तुमचीच पिशवी. अन् तुमी तं आत्ताच माह्याशी फोनवर बोलल्या होत्या... म्हनून हाक नाई मारली मी." त्यांनी ओठ ओले केले. "चंद्रपूरच्या गाडीत चढल्या, बाई."

सत्यशीलाला भीती वाटायला हवी होती. ती वाटली, पण नंतर. आधी आली ती लाज, अशी की पायाखालची जमीन नको वाटावी. जिचं जिवंतपणी कोणी ऐकलं नाही, तिनं मेल्यावरही ठोकून ठोकून सांगितलं, आणि सत्यशीलानं हात जोडून पाठ फिरवली. शेवटी तिलाच सत्यशीलाचा पदर पांघरून सत्यशीलाचं काम करावं लागलं.

खांब काढला, तिथे नवा उभा राहिला. बाया आता तिथे बसून हिरडा निवडतात, हसतात, भांडतात. अन्नपूर्णानं त्या जागी शेंदूर लावला नाही. बाहेर, त्या कोपऱ्याच्या भिंतीलगत मोगऱ्याचं रोप लावलं. सत्यशीलानं मार्गशीर्षाचे उरलेले गुरुवार मनापासून केले. घंटीही तिच्या हातात पुन्हा बोलू लागली. देव माणसाला सुधारायची संधी देतो, असं ती करिश्माला म्हणायची, आणि तसं तिला खरंच वाटायचं. त्यानंतर तिनं एकही खांब, एकही तुळई न तपासता सोडली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सिरोंच्याला मिरचीच्या एका गोदामाला आग लागली, तिथे ती गेली. भर सकाळ होती, छप्पर उडालेलं होतं, सगळीकडे ऊन पडलेलं. एकेक खांब घासत, वाजवत, बऱ्या खांबावर खडूनं खूण करत ती निम्म्यापर्यंत आली. समोरच्या घरातली फरहत नावाची तरुण बाई चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये दोन कप होते.

"दोन कशाला?" सत्यशीलानं विचारलं. "मी एकटीच आहे."

"एकट्या कुठं, ताई? तुमच्या संगं गाडीतून उतरल्या ना त्या बाई." फरहत हसली. "मी केव्हाची बोलावते, चहा घ्या म्हणून. येतच नाहीत. बोलत पण नाहीत. तिकडं खांबाला टेकून बसल्यात."

सत्यशीलानं उचललेला कप परत ट्रेमध्ये ठेवला. मागे वळून पाहायचं धैर्य तिला झालं नाही. पण आता न विचारता निघून जाणंही तिच्याच्यानं झालं नसतं.

"कोणत्या... कोणत्या खांबापाशी?"

फरहतनं हात लांब केला. सत्यशीलानं फक्त बोटाच्या रोखानं पाहिलं. तिथे ऊन होतं, राख होती, दुसरं काहीच दिसत नव्हतं. आणि तो खांब तोच होता, ज्याच्यावर नुकतीच, चांगला आहे म्हणून, तिनं आपल्या हातानं खूण केली होती.